अमेरिकेतलं छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज: नोकरीच्या दृष्टीने परवडतं का?

तीन वर्षांपूर्वी मार्चअखेरीस माझ्या मावसबहिणीचा साताऱ्याहून फोन आला. लेकीला अमेरिकेतल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीही घसघशीत होती, पण बहिणीच्या आवाजात आनंदापेक्षा काळजीच जास्त. कॉलेजचं नाव घरात, शेजारीपाजारी कुणीच ऐकलेलं नाही. गाव शोधायला नकाशा मोठा करत गेलं, तर आजूबाजूला नुसती मक्याची शेतं. आणि चार वर्षांनी हातात काय पडणार, तर बी.ए. मागून दाजींचा आवाज आला, "सायन्सला ब्याण्णव टक्के मिळवायचे आणि सातासमुद्रापार जाऊन आर्ट्स करायचं?"

हा प्रश्न तेव्हापासून मी बऱ्याच घरांत ऐकला आहे आणि तो रास्त आहे. पैसा मोठा, पोर एकुलती एक, आणि सांगणारे सगळे काही ना काही विकायला बसलेले. म्हणून जेवढं मला नीट समजलं आहे तेवढं इथे सांगते.

आधी 'आर्ट्स' या शब्दाचा घोळ निस्तरू. आपल्याकडे दहावीनंतर तीन दारं: सायन्स, कॉमर्स, आर्ट्स. कमी मार्कवाल्यांनी आर्ट्सला जायचं, असा आपला जुना आणि चुकीचा समज. अमेरिकेतल्या 'लिबरल आर्ट्स'चा या दारांशी काहीही संबंध नाही. मध्ययुगीन युरोपात सात विद्या शिकवत: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. सातातल्या चार विद्या गणिताच्या घरातल्या, कारण संगीतही तेव्हा स्वरांच्या गुणोत्तरांचं शास्त्र म्हणूनच शिकवलं जाई. तिथून हे नाव आलं. म्हणून आज लिबरल आर्ट्स कॉलेजात भौतिकशास्त्र, रसायन, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र हे सगळं असतं. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट कॉलेजात तुम्ही संगणकशास्त्र घ्या नाहीतर ग्रीक, पदवी बी.ए.च मिळते. स्वार्थमोर आणि स्मिथ या कॉलेजांत इंजिनिअरिंगसुद्धा आहे. कॅलिफोर्नियातलं हार्वी मड तर जवळजवळ पूर्णपणे विज्ञान आणि इंजिनिअरिंगचंच. तेव्हा बी.ए. या दोन अक्षरांवरून घरात रडारड करायचं कारण नाही.

मग यांचं वेगळेपण कशात? आकारात, आणि शिकवतं कोण यात. साधारण दीड ते अडीच हजार विद्यार्थी, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या चांगल्या हायस्कूलएवढं कॉलेज. पीएच.डी.चे विद्यार्थी जवळपास नसतातच. ही बारीकशी वाटणारी गोष्ट फार मोलाची आहे. मोठ्या संशोधन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या वर्गात तीनशे मुलं बसतात, शंकानिरसन आणि पेपर तपासणी पीएच.डी. करणारे करतात, आणि प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेतली जागाही पहिल्यांदा त्यांनाच मिळते. छोट्या कॉलेजात ही मधली फळीच नाही. प्रयोगशाळेत हात लावायला माणूस हवा असेल तर प्राध्यापकाला एकोणीस वर्षांच्या मुलीलाच बोलवावं लागतं. मुख्य विषयही दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जाहीर करायचा असतो, तोवर निरनिराळ्या वर्गांत बसून पाहायची मुभा.

विल्यम्स कॉलेजात 'ट्युटोरियल' नावाचा एक प्रकार आहे. एका प्राध्यापकासमोर दोनच विद्यार्थी. एका आठवड्यात पहिल्याने पाच-सात पानांचा निबंध लिहून आणायचा आणि दुसऱ्याने त्यातल्या कच्च्या जागा दाखवायच्या. पुढच्या आठवड्यात उलट. प्राध्यापक बहुतेक वेळ ऐकतात. मागच्या बाकावर लपायला जागा नाही, गाइड वाचून निभावणार नाही. स्वतःचं म्हणणं मांडायचं, ते समोरच्याने फोडलं तर शांतपणे सावरायचं, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचं म्हणणं अपमान न करता खोडायचं. नोकरीत पुढे बैठकीत बसल्यावर दुसरं काय करावं लागतं? आपल्याकडची हुशार मुलं या एका गोष्टीत मागे पडताना मी पाहिली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण दोष त्यांचा नसतो. त्यांना कुणी बोलूच दिलेलं नसतं.

(जाता जाता: या विल्यम्सचा आपल्याशी जुना धागा आहे. १८०८ साली तिथून पदवी घेतलेला गॉर्डन हॉल नावाचा मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरला, मराठी शिकला, आणि त्याच्या अमेरिकन मिशनने आधी मुंबईत आणि पुढे अहमदनगरपर्यंत शाळा काढल्या. नाव आपल्याला अनोळखी असलं तरी कॉलेज १७९३चं आहे.)

आता करिअरकडे येऊ. या कॉलेजांची खरी ताकद कुठे दिसते, तर पुढच्या शिक्षणात. दर शंभर पदवीधरांमागे किती जण पुढे पीएच.डी. करतात हे मोजलं, तर अमेरिकेच्या यादीत कॅलटेक, एमआयटीच्या जोडीने हार्वी मड, स्वार्थमोर, रीड, कार्लटन, ग्रिनेल अशी नावं वर असतात. जेनिफर डाउडना यांना जनुकं कापण्याच्या तंत्रासाठी २०२० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या १९८५ साली पोमोना कॉलेजातून बाहेर पडल्या. पदवीच्या वर्षांतच त्यांना त्यांच्या बाईंनी, शॅरन पॅनासेन्को यांनी, आपल्या प्रयोगशाळेत कामाला घेतलं होतं. मधे एकदा विज्ञान सोडून फ्रेंच घ्यावं असं डाउडनांच्या मनात आलं, तेव्हा फ्रेंचच्या शिक्षिकेनेच त्यांना विज्ञान सोडू नकोस असं सांगितलं. पुढे पीएच.डी.नंतरचं संशोधन त्यांनी ज्यांच्याकडे केलं ते थॉमस चेक स्वतः ग्रिनेल कॉलेजचे, १९८९चे नोबेल विजेते. याच ग्रिनेलमध्ये १९४८ च्या सुमारास ग्रँट गेल नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बेल लॅबकडून नव्याने निघालेले ट्रान्झिस्टर मिळवून वर्गात आणले. आयोवाच्या शेतांमधल्या त्या वर्गात रॉबर्ट नॉइस बसला होता. वीस वर्षांनी त्याने इंटेल स्थापन करण्यात पुढाकार घेतला.

नोबेलची उदाहरणं देऊन मला कुणाला भुलवायचं नाही. तुमची मुलगी डाउडना होईल म्हणून घर गहाण टाकू नका. मुद्दा एवढाच, की या गोष्टींत एक शिक्षक आहे ज्याला आपल्या विद्यार्थ्याचं नाव माहीत आहे. मास्टर्स, पीएच.डी., मेडिकल, लॉ, कुठेही अर्ज करताना शिफारसपत्रं लागतात. 'वर्गात पहिल्या दहांत होती' असं पत्र आणि 'दोन उन्हाळे माझ्याबरोबर काम केलं, तिसऱ्या प्रयोगात चूक झाली तेव्हा रात्री स्वतः येऊन ती शोधली' असं पत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पगाराचं काय? जॉर्जटाउन विद्यापीठाच्या शिक्षण आणि रोजगार केंद्राने २०२० साली एक अहवाल काढला. शिक्षणाचा खर्च वजा करून पुढच्या कमाईचं आजचं मोल त्यांनी काढलं. प्रवेशानंतर दहा वर्षांनी हिशेब केला तर लिबरल आर्ट्स कॉलेजांचा मधला आकडा ६२ हजार डॉलर, आणि सगळ्या कॉलेजांचा मिळून १ लाख ७ हजार. म्हणजे चांगलेच मागे. पण चाळीस वर्षांनी? लिबरल आर्ट्स ९ लाख १८ हजार, सगळी कॉलेजं मिळून ७ लाख २३ हजार. ससा-कासवाची गोष्ट आकड्यांत मांडल्यासारखं आहे हे. कारण उघड आहे: यातले बरेच जण पदवीनंतर आणखी शिकतात, त्यामुळे दहाव्या वर्षी त्यांची कमाई नुकती कुठे सुरू झालेली असते.

हे आकडे माहितीपत्रकांत मोठ्या अक्षरांत छापले जातात. पण ते आपल्या घराला लावताना तीन ठिकाणी थांबायला हवं.

एक तर, कॉलेजने मुलांना घडवलं की मुळात हुशार मुलं कॉलेजने उचलली? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली नामांकित कॉलेजांबाबत हेच तपासलं. अशा कॉलेजात प्रवेश मिळूनही जे दुसरीकडे गेले, त्यांची पुढची कमाई तिथे गेलेल्यांच्या जवळपासच निघाली. फरक ठळकपणे पडला तो गरीब घरातल्या मुलांना. नंतरच्या अभ्यासात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांनाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या घराच्या ओळखीपाळखी आधीच आहेत त्याला कॉलेज थोडंच देतं. ज्या घरातून कुणी परदेशी गेलेलं नाही, अशा घरातल्या मुलीला तेच कॉलेज खूप काही देऊ शकतं.

दुसरं म्हणजे श्रीमंती. २०१७ मध्ये राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अमेरिकेतल्या ३८ कॉलेजांत खालच्या ६० टक्के घरांतल्या मुलांपेक्षा वरच्या एक टक्का घरांतली मुलं जास्त आहेत. त्या यादीत कोल्बी, मिडलबरी, केनयन, कोलोरॅडो कॉलेज अशी छोटी कॉलेजं बरीच आहेत. कॉलेज स्वतः पगाराची सरासरी छापतं, तेव्हा तिच्यात वडिलांच्या कंपनीत लागलेल्या मुलाचा पगारही असू शकतो, हे विसरून चालणार नाही.

तिसरं आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकन सरकारच्या 'कॉलेज स्कोअरकार्ड' या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय, विषयनिहाय पगार दिसतात आणि ते जरूर पाहावेत. पण तिथले आकडे सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचे असतात. व्हिसावर आलेला परदेशी विद्यार्थी त्यात नाहीच. त्या पगारांत तुमच्या मुलीसारखं कुणीही मोजलेलं नाही.

आणि व्हिसाच बहुतेक वेळा सगळं ठरवतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्याला पदवीनंतर बारा महिने काम करता येतं. याला ओपीटी म्हणतात. विषय सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान यादीत असेल तर आणखी चोवीस महिने, म्हणजे एकूण तीन वर्षं. आमच्या घरी एका समुपदेशकाने ठामपणे सांगितलं होतं की सगळ्यांनाच तीन वर्षं मिळतात. ते चूक होतं, आणि त्या एका वाक्यावर विषय निवडला असता तर पोरीची दोन वर्षं गेली असती. यादीत विषय सहा आकडी कोडने ओळखला जातो. साधं अर्थशास्त्र यादीत नाही. 'इकॉनोमेट्रिक्स आणि संख्यात्मक अर्थशास्त्र' आहे. त्यामुळे बऱ्याच कॉलेजांनी आपल्या अर्थशास्त्राचा कोड बदलून घेतला आहे, काहींनी नाही. शेजारशेजारच्या दोन कॉलेजांत तीच पुस्तकं वाचून एकीला एक वर्ष मिळतं, दुसरीला तीन. प्रवेश स्वीकारण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करून मुख्य विषयाचा कोड लेखी मागून घ्या. त्यांना यात काही विचित्र वाटत नाही.

ओपीटीच्या पहिल्या वर्षात एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही. त्यापुढे एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. वर्षाला ८५ हजार जागा, त्यातल्या २० हजार अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यावरचं शिकलेल्यांसाठी राखीव. नुसती बी.ए. असेल तर त्या राखीव जागांचा उपयोग नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हापासून हे गणित आणखी नाजूक झालं आहे. नियम बदलत राहतात, म्हणून निर्णयाच्या महिन्यात काय चालू आहे ते पाहा. दोन वर्षांपूर्वीच्या कुणाच्या अनुभवावर जाऊ नका. 'चार वर्षं शिकेल, मग तिथेच नोकरी करून कर्ज फेडेल' हा आपला ठरलेला हिशेब आज पक्का धरता येत नाही, एवढं नक्की.

नोकरी मिळवण्याची रीतही वेगळी पडते. आपल्याकडे कॅम्पस प्लेसमेंट म्हणजे कंपन्या दारात येतात, यादी लागते. मोठ्या बँका आणि सल्लागार कंपन्या विल्यम्स, ॲमहर्स्ट, क्लेअरमाँट मॅकेना अशा मोजक्या छोट्या कॉलेजांत आवर्जून येतात. बाकीच्यांच्या दारात मोठी रांग लागत नाही. चारशे मुलांच्या बॅचसाठी कोण विमानाने माणूस पाठवणार? तिथे मुलीने स्वतः माजी विद्यार्थ्यांना लिहायचं, वेळ मागायची, बोलायचं. माजी विद्यार्थी थोडे, पण जिव्हाळ्याचे असतात आणि उत्तरं देतात. मात्र लिहायचं तर आपल्यालाच. जे मूल संकोची आहे आणि ज्याला कुणी धक्का द्यायला नाही, त्याला हे जड जातं. परत पुण्यात येऊन नोकरी शोधायची तर आणखी एक अडचण: इथल्या एचआरला पर्ड्यूसारखं मोठं विद्यापीठ माहीत असतं, पोमोना माहीत नसतं.

'छोटं' या शब्दाखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी लपतात, हे फार कमी लोक सांगतात. विल्यम्स, ॲमहर्स्ट, पोमोना, स्वार्थमोर, ग्रिनेल यांच्याकडे अब्जावधी डॉलरची गंगाजळी आहे. दुसरीकडे शेकडो छोटी कॉलेजं दरवर्षीच्या फीवर कशीबशी तग धरून आहेत. अमेरिकेत २००७ नंतर जन्मदर घसरला, त्यामुळे अठराव्या वर्षी कॉलेजात येणारी मुलं आता कमी होऊ लागली आहेत. न्यूयॉर्क राज्यातलं १८६८चं वेल्स कॉलेज २०२४च्या एप्रिलअखेर जाहीर करून त्याच सत्राअखेर बंद झालं. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न, १८५६चं, ३१ मे २०२४ला कायमचं बंद झालं. त्या दिवशी त्यांचा बेसबॉल संघ ओहायोमध्ये राष्ट्रीय स्पर्धेचा सामना खेळत होता. अंगावर कॉलेजचं नाव, आणि ते कॉलेज सायंकाळपासून नाही. अमेरिकन मुलगा दुसरीकडे बदली घेतो. व्हिसावरच्या मुलीला नवं कॉलेज, नवे कागद, नवी शिष्यवृत्ती हे सगळं परदेशात एकटीने काही आठवड्यांत जमवावं लागतं. म्हणून कॉलेजची पटसंख्या गेल्या पाच-सहा वर्षांत घटते आहे का, विषय बंद होताहेत का, हे आधी शोधा.

आणि आता पैसे. छापील खर्च, राहणं-खाणं धरून, अनेक ठिकाणी वर्षाला ८५ ते ९० हजार डॉलरच्या घरात आहे. चार वर्षांचे रुपये केले तर तीन कोटींच्या आसपास. पण ही फी कापडाच्या दुकानातल्या छापील किमतीसारखी असते, बरेच जण ती पूर्ण देत नाहीत. ॲमहर्स्ट आणि बोडन ही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यालाही प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत, आणि घेतल्यावर लागेल तेवढी मदत करतात. विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना प्रवेश देताना ऐपत विचारात घेतात, पण एकदा घेतलं की गरज पूर्ण भागवतात. विल्यम्सने २०२२ पासून मदतीतून कर्जाचा भागच काढून टाकला आहे. अशा ठिकाणी निवड फार कडक असते. त्याखालच्या फळीतली बरीच कॉलेजं गुणांवर अर्धीअधिक फी माफ करतात.

माझं मत विचाराल तर सरळ सांगते. घरावर कर्ज काढून, पूर्ण फी भरून, मधल्या किंवा डळमळीत कॉलेजात मुलीला पाठवू नका, तिथलं आवार कितीही देखणं असलं तरी. या शिक्षणाचं फळ उशिरा येतं, आणि बँकेचा हप्ता उशीर मानत नाही. त्या पैशात मोठ्या सरकारी विद्यापीठातलं इंजिनिअरिंग जास्त सुरक्षित, किंवा इथे पदवी करून मास्टर्सला जाणं. आता पुण्यात आणि सोनीपतला लिबरल आर्ट्सची पदवी देणारी विद्यापीठंही आहेत. पण कॉलेज मजबूत असेल, घरचा खर्च इथल्या चांगल्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजएवढाच येत असेल, आणि मुलीला पुढे संशोधनाकडे किंवा वरच्या शिक्षणाकडे जायचं असेल, तर नाव ओळखीचं नाही म्हणून नकार देणं मला पटत नाही.

कॉलेजला विचारायचे प्रश्न सरसकट असून चालत नाहीत. '९५ टक्के मुलं सहा महिन्यांत मार्गी लागतात' असं सांगितलं, तर विचारा: किती जणांनी उत्तर दिलं त्यातले ९५? त्यांत परदेशी विद्यार्थी किती, आणि ते कुठे आहेत? गेल्या दोन वर्षांतल्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी एखाद्याशी बोलता येईल का? चांगलं कॉलेज दोन दिवसांत नंबर देतं.

मावसबहिणीच्या लेकीने असाच नंबर मागितला होता. पलीकडून बोलणारा कोल्हापूरचा मुलगा निघाला, दोघं तासभर बोलली, आणि दाजी शेजारी बसून सगळं ऐकत होते. शेवटी त्यांनी फोन हातात घेऊन एकच विचारलं: "जेवणाचं कसं करतोस?" ती ऑगस्टमध्ये गेली. गणित आणि संख्याशास्त्र घेतलं आहे, कोड लेखी मागवून. दोन उन्हाळे प्राध्यापकांबरोबर मातीच्या ओलाव्याची मोजणी करण्यात गेले, मानधन कॉलेजने दिलं. येत्या शरदात तिचे नोकरीचे आणि पीएच.डी.चे अर्ज एकदमच सुरू होतील. दाजींनी त्यासाठी एक वही केली आहे, एका पानावर कंपन्या, समोरच्या पानावर विद्यापीठं.